सागवानी तिपाई आणि दाजी

दाजींचा मला हेवा वाटायचा, हे आता या वयात कबूल करायला काय जातं? बहिणीचा नवरा म्हणून घरात पहिलं ताट त्यांचं, ते ठीक. पण फोटोंचं वेड आधी मला लागलं होतं. माझं बघून त्यांनी कॅमेरा घेतला, आणि सहा महिन्यांत अण्णा, म्हणजे आमचे वडील, त्यांचे फोटो चष्मा पुसून बघायला लागले. माझे फोटो चष्मा न पुसताच बघून व्हायचे.

अण्णांनी उभी हयात निजामाच्या मोजणी खात्यात काढली. पोलीस ॲक्शननंतर खात्याच्या पाट्या बदलल्या, कागदांतली उर्दू गेली आणि अण्णा पेन्शन घेऊन नारायणगुड्याच्या घरी बसले. शहराबाहेर खडकांचा एक डोंगर होता. नोकरीतली पहिली मोजणी त्यांनी तिथे केली होती. नव्या इमारतींसाठी तो फोडायला घेतल्याचं कळलं, तेव्हा जेवताना ते म्हणाले, "तो जायच्या आत त्याचा एक फोटो काढून द्या कुणीतरी. समोरच्या भिंतीवर लावीन."

कुणीतरी. मुलगा समोर बसलेला असताना. भिंतीवर फोटो लागेल तर माझाच, हे मी ताटावरच ठरवलं.

ऊन यायच्या आधीच्या मंद उजेडात खडकाची रेघ न् रेघ यायची तर शटर दोन-तीन सेकंद उघडं ठेवावं लागे. तेवढा वेळ कॅमेरा हलता कामा नये, म्हणजे खाली तिपाई पक्की हवी. अण्णांची मोजणीची सागवानी तिपाई माळ्यावर पडून होती. "ती ने," अण्णा म्हणाले. मी नाक मुरडलं. ते धूड डोंगरावर कोण वाहून नेणार? पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काय खोटं? सुलतान बाजारात मी चकचकीत जर्मन तिपाई हेरून ठेवली होती. एकात एक सरकणाऱ्या नळ्या, वर कॅमेरा चहूकडे फिरवणारं गोळ्याचं डोकं. "हलकी है साब, हाथ में लेको देखो," दुकानदार म्हणाला. मी हातात घेऊन बघितली. रोवून, दाबून नाही बघितली. दाजींकडे तसली नव्हती, एवढंच मला पुरलं.

आणि दाजींनी काय केलं, तर सासऱ्यांकडे ती सागवानी तिपाई मागितली. अण्णांनी स्वतः तिला तेल पाजलं, वरच्या फळीत कॅमेऱ्याचा स्क्रू बसवून घेतला, उतारावर दोन पाय खाली आणि एक वर कसा रोवायचा, ते जावयाला अंगणात करून दाखवलं. मला कधी दाखवलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं, ते सोडा.

दोघं एकाच सकाळी गेलो. त्यांना एकट्याने जाऊ देईन तर ना. डोंगरासमोर वारा सुटलेला. माझ्या तिपाईच्या नळ्या थरथरत होत्या. वरचा गोळा कितीही आवळला तरी हळूच घसरायचा आणि कॅमेरा डुलकी लागलेल्या माणसासारखा मान टाकायचा. मागे, जरा वर, दाजींनी दोन पाय खाली, एक वर असे रोवले, मधोमध धोंड्यांची पिशवी टांगली आणि स्वस्थ उभे राहिले.

"वर ये, इथे आडोसा आहे," ते म्हणाले.

"नक्को. मी इथेच बरा."

माझ्या चारही फोटोंत डोंगर दुहेरी आला. दाजींच्या फोटोत खडकाची भेग न् भेग होती. आणि खाली कोपऱ्यात, दोन्ही हातांनी तिपाई धरून वाकलेला, मुंगीएवढा मी. मुद्दाम केलंत, असं मी त्यांना तोंडावर म्हणालो.

अण्णांनी तो फोटो भिंतीवर लावला. आल्यागेल्याला ते त्या मुंगीवर बोट ठेवून सांगायचे, "हा आमचा मुलगा. मोजणीत आम्ही मापाला माणूस उभा करायचो, तो भरवशाचा लागायचा. हा जागचा हलला नाही, म्हणून डोंगर केवढा ते कळतं." तिपाई पडेल या भीतीने मी हललो नव्हतो, हे मी अण्णांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

आता डोंगर नाही, अण्णाही नाहीत. त्यांच्यामागे तो फोटो बहिणीने नेला. दाजींच्या भिंतीवर आहे. गेलो की मी आधी तिथेच बघतो, आणि मागायला जीभ रेटत नाही.