जहिराच्या मागाचा खड्डा

संगमनेरच्या विणकर आळीत बायका सुताच्या कांड्या भरत, मागावर पुरुष बसत. जहिरा मात्र मागावरच बसायची. तिनं विणलेलं लुगडं आपल्यापेक्षा घट्ट उतरतं, हे तिचा नवरा दिलावर स्वतःच सांगायचा.

१९४४च्या थंडीत तिच्या मानेत, काखेत गाठी आल्या. हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. नगरच्या डॉक्टरांनी रक्त काचेखाली पाहिलं आणि दिलावरला बाहेर नेलं. रक्ताचा कर्करोग, औषध नाही, चार महिने फार झाले. जहिरानं दाराआडून सगळं ऐकलं.

घरी तिला खाटेवर निजवलं. विणणारा ज्यात पाय सोडून बसतो, तो मागाखालचा खड्डा दीर नूरुद्दीननं मातीनं भरला आणि तिथं शेळी बांधली. ती बघत राहिली. ओरडायला बळ नव्हतं.

उन्हाळ्यात शेजारच्या रतनबाईच्या मुलीचा गोवर आळीभर पसरला. लहानपणी चुकलेल्या गोवरानं जहिराला आता गाठलं. नऊ दिवस ती तापानं फणफणत होती. दिलावरनं कफनाचं कापड आणून ठेवलं. दहाव्या दिवशी डोळे उघडल्यावर तिनं ते बोटांत धरून पाहिलं.

"विणकर असून हे विरळ कापड आणलं तुमी?"

मग तिचा हात मानेवर गेला. गाठी सापडेनात.

महिन्यानं डॉक्टरांनी रक्त पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"असं होत नाही," ते म्हणाले.

"झालंय की."

"गोवरामुळं रोग दबला असेल. का, ते मला ठाऊक नाही. तो परत येऊ शकतो. जपून राहा, माग नको."

"माग न्हाई, तर जपू कशापायी?"

घरी येताच तिनं शेळी सोडली आणि कुदळ उचलली. नूरुद्दीन धावत आला.

"भाबी, ह्ये काय?"

"माणूस मेल्यावर खड्डा खणत्यात, नूरुद्दीन. तू जित्या माणसाचा बुजवलास."

"दुखणं परत आलं म्हंजी?"

"यील तवा बघू. त्याच्या आधी तू मागावरनं का उठवतोस मला?"

दिलावर दारातून पुढं आला. तो भावाला म्हणाला, "फावडं आण. माती मी काढतो."

त्यानंतर दोन वर्षं जहिरा विणत होती. गाठी पुन्हा दिसल्या तेव्हा डॉक्टरांनी ताबडतोब बोलावलं. तिनं उलट निरोप धाडला : मागावरचं लुगडं उतरलं की येते.