पातळ ओतलेल्या प्लेट्स

माझ्या थोरल्या जाऊबाईंना अख्खी लॅब मोजपट्टी म्हणायची, आणि ते नाव मीच पाडलं होतं. घर एक, नोकरीही एकाच हॉस्पिटलात, त्यामुळे त्यांच्या मोजण्यातून माझी सुटका नव्हती. पडदा जरा तिरका लागला की त्यांचं तोंड वाकडं. सासूबाई म्हणायच्या, "हिच्यापुढून जातानासुद्धा सरळ रेषेत जावं लागतं." जाऊबाईंना त्याचं काही नसायचं.

कामच तसं होतं म्हणा. रोग्याच्या रक्तातले जंतू कुठल्या औषधाला दाद देतात, ते आम्ही बघायचो. वितळलेलं मिडियम, म्हणजे जंतूंचं खाद्य, थाळीत ओतायचं, थिजलं की प्लेट तयार. तिच्यावर जंतू पसरायचे, औषधाच्या चकत्या ठेवायच्या आणि इन्क्युबेटरमध्ये सरकवायचं. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढलेला स्वच्छ गोल दिसतो. तो मोठा असेल तर औषध लागू, लहान असेल तर निरुपयोगी. हा गोल जाऊबाई पट्टीने मोजायच्या, आणि शंका आली तर पुन्हा मोजायच्या.

दर सोमवारी आमच्या फ्रीजमधला ओळखीचा जंतू त्या अशाच प्लेटवर लावायच्या. त्याचा गोल एकोणीस ते सव्वीस मिलिमीटरच्या आत आला, की आमचं काम बरोबर. त्या मंगळवारी आला एकोणतीस.

जाऊबाईंनी प्लेटचा एक तुकडा कापून पट्टीला उभा लावला. चार मिलिमीटरचा थर हवा, तिथे जेमतेम दोन होता.

"या कुणी ओतल्या?"

"मी. शुक्रवारी," मी म्हणाले. "मिडियमच्या पावडरचा डबा संपत आला होता. साहेब म्हणाले, आहे त्यात भागवा."

"किती भागवायचं ते मोजून दिलं होतं का त्यांनी?"

थर पातळ असला की औषधाला खाली मुरायला जागा नसते. ते आडवं पसरतं आणि गोल उगाच मोठा दिसतो. म्हणजे जे औषध कुचकामी, तेही आमच्या कागदावर लागू ठरतं. असे बावीस रिपोर्ट गेले होते. जाऊबाईंनी रजिस्टरवरून बोट फिरवलं. बहुतेकांचे गोल इतके मोठे किंवा इतके लहान होते की चार-पाच मिलिमीटरने फरक पडला नसता. एकीच्या बाबतीत मात्र पडला असता. बाळंतिणींच्या वॉर्डातली सहा नंबरची बाई. अठरा आणि वर म्हणजे लागू, आणि तिचा गोल एकोणीस. तेच औषध तिला दोन दिवस चालू होतं.

विभागप्रमुख साहेबांनी ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं. "परवा तपासणी पथक येतंय. जाड प्लेटवर पुन्हा लावा, आकडा नीट येईल, तोच लिहा. वॉर्डात फोनबिन नको. लॅबची अब्रू जाईल."

"अब्रू लॅबची आहे साहेब, ताप त्या बाईला आहे."

"उद्यापर्यंत थांबलात तर काय बिघडणार आहे?"

"ते मी तिच्या नातेवाइकांना विचारून सांगू का?" असं म्हणून त्या बाहेर आल्या आणि सरळ फोन उचलला.

वॉर्डातली डॉक्टर म्हणाली, लेखी हवं. जाऊबाई म्हणाल्या, "लेखी दिलंय ते चूक आहे, म्हणून तोंडी सांगतेय. औषध आज बदला. लेखी मागोमाग येतंच आहे." मग उरलेले एकवीस फोन केले. साहेब काचेपलीकडून बघत होते. त्या त्यांच्याकडे पाठ न फिरवता बोलत राहिल्या.

नंतर लॅबच्या चुका नोंदवायची वही माझ्यापुढे आली. "कुणी ओतल्या, कशा ओतल्या, तुझ्या हाताने लिही."

"जाऊबाई, माझी नोकरी जाईल."

"जाईल कदाचित. लिही."

मला त्यांचा भयंकर राग आला. घरची माणसं ना आपण? एखादीने झाकलं असतं. मी लिहिलं, पण घरी जायला त्यांच्यासाठी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी जाड प्लेटवर सहा नंबरचा गोल त्यांनी मलाच मोजायला लावला. चौदा. औषध कुचकामी. मी पट्टी उचलून पुन्हा ठेवली. चौदाच. औषध आदल्या दिवशीच बदललं होतं म्हणून बरं, नाहीतर ती बाई आणखी एक दिवस नुसत्या पाण्यावर असल्यासारखी राहिली असती, माझ्या हातच्या प्लेटमुळे. शुक्रवारी तिचा ताप उतरला. आम्ही कोण, हे तिला कधी कळलं नाही.

तपासणी पथकाने ते पान वाचलं. मग जाऊबाईंच्या नावाने साहेबांची नोटीस आली: परवानगी न घेता वॉर्डांना कळवल्याबद्दल, आणि असं पुन्हा होणार नाही अशी हमी तीन दिवसांत द्यावी.

त्यांनी जेवणाच्या सुट्टीत उत्तर लिहिलं. एकच ओळ. "प्लेट पातळ निघाली, तर पुन्हा कळवीन."

खाली सही केली आणि कागद घडी घालायला घेतला. मी तो त्यांच्या हातातून घेतला, पुन्हा वाचला आणि त्यांच्या सहीखाली माझी केली.

"तुला कुणी नोटीस दिलीय?" त्या म्हणाल्या.

"देतील," मी म्हणाले, आणि कागद नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला.