तळघरातला आवाज

गुडगावातल्या आमच्या नव्या सोसायटीत चौकीदारांचे वॉकीटॉकी जोडायला आलेला तो माणूस मिशीतल्या मिशीत हसायचा. अँटेना कुरूप दिसते, जिन्यात लपवा, असा सेक्रेटरींचा हट्ट होता. "बिल्कुल, साहब," म्हणत त्याने ती गच्चीतल्या टाकीवर ठोकली.

मग सेटवरून तळघरातल्या चौकीदाराला म्हणाला, "कुछ भी बोलो."

आपलं बोलणं सगळ्या सेटांवर ऐकू येतंय, हे चौकीदाराला कुठून माहीत? त्याने सेक्रेटरींची हुबेहूब नक्कल केली. सेक्रेटरी आमच्या शेजारीच उभे होते, लालबुंद. मला हसू आवरेना.

"आवाज़ साफ़ है ना, साहब?" मिशीवाल्याने गंभीरपणे विचारलं.

"इस चौकीदार को आज ही निकालूँगा!" सेक्रेटरी कडाडले.

"मत निकालिए. एंटीना नीचे से इसी की आवाज़ पकड़ता है."

ही शुद्ध थाप होती. चौकीदार आणि अँटेना, दोघंही आपापल्या जागी राहिले.