विमानात राहिलेली बोरमाळ

गौरी घरी आल्या की एक बोरमाळ मला आजही आठवते. तेव्हा पोलादपूर पोलीस ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता.

कुडपणचा एक गृहस्थ बायकोला घेऊन तक्रार द्यायला आला. नोकरी आखातात, बायकोही तिकडेच, सणाला दोघं गावी आलेले. मुंबईत विमान उतरताच धूर निघाला आणि सगळ्यांना रबरी घसरगुंडीवरून खाली उतरवलं. सामान सोडा म्हणून कर्मचारी ओरडत होते. तरी काही जण बॅगा उराशी धरून घसरले. या दोघांनी मुकाट्याने ऐकलं. चार दिवसांनी बॅग घरपोच आली, पण आत सासूची सोन्याची बोरमाळ नव्हती.

माळ एक आणि सुना दोन. सासूने मरण्याआधी पाळी लावून दिली होती : एका वर्षी थोरलीने माळ घालून गौरीला ओवसायचं, म्हणजे सुपातून वाण द्यायचं, पुढच्या वर्षी धाकटीने. गेल्या वर्षी पाळी धाकटीची, म्हणून माळ तिच्याबरोबर आखातात होती; यंदा पाळी थोरलीची होती आणि गौरी तीन दिवसांवर आल्या होत्या.

हद्द मुंबईची. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून कागद तिकडे पाठवायचे आणि तिथल्या सफाई कामगारांना चौकशीला उभं करायचं, एवढंच बाकी होतं. मी धाकटीचा जबाब घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली एकटीच आली. उभ्यानेच म्हणाली, "सायेब, माळ बॅगेत नव्हतीच. आल्यापासून धाकटी गळ्यावरची ओढणी सोडत नाय. चुलीपुढं पण नाय. एवढ्या उकाड्यात कोण असं बसतंय?"

"तुमचं तिच्याशी पटत नाही का?"

"नाय पटत. खोटं कशाला बोलू? बारा वर्षं सासूचं मी केलं नि माळेत वाटा तिचा. जळते मी तिच्यावर."

मी तिला चहा देऊन वाटेला लावलं. जळणाऱ्या बाईचं काय ऐकायचं, असं मनात म्हणालो. ती माझी चूक.

दुपारी जबाब पुन्हा वाचला आणि अडखळलो. बॅगेत काय होतं, या प्रश्नाला धाकटीने चार्जर, गोळ्या, खजुराचं पाकीट, चपला असं सांगत सगळ्यात शेवटी माळ सांगितली होती. नोकरीत मी चोरीचे शेकडो जबाब घेतले. सोनं गेलेली बाई आधी सोनं सांगते. चपला तिला आठवतही नाहीत.

दोघांना परत बोलावलं. नवरा बाहेर बसला. आत मी आणि आमच्या महिला हवालदार. मी एवढंच म्हणालो, "ताई, हा कागद गेला की विमान झाडणाऱ्या बायकांची झडती होईल. त्यांच्या घरीही गौरी येणार आहेत."

तिने कागदाकडे पाहिलं. मग ओढणी सोडली. माळ गळ्यात होती.

"उतरायच्या आधीच घातली व्हती," ती रडत म्हणाली. "खाली आल्यावर ह्यांनी विचारलं, माळ कुठं हाय? तोंडातून निघालं, बॅगेत राहिली. मग मागं फिरता येईना. सायेब, सासू फोनवर माझ्याशी दोन मिन्टं बोलायची, नि त्यातबी थोरली अशी नि थोरली तशी. जीव तिच्यावर टाकला, मला माळ दिली अर्धी. ती पण द्यायची?"

तक्रार मागे घेतली गेली. समज देऊन मी डायरीत नोंद केली. थोरलीला निरोप धाडला. ती आली तेव्हा माळ टेबलावर होती आणि धाकटी समोर बसली होती. धाकटीचं म्हणणं मी तिला जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं, आता भांडण जुंपणार.

"माझ्याशी तर सासू धड बोलली नाय कधी," ती धाकटीला हळूच म्हणाली. "तुझंच कवतिक सांगायची गो मला. रोज."

त्या दिवसापासून मत्सरी साक्षीदाराला मी कधी दारातून परत पाठवलं नाही. जो जळतो त्याच्याइतकं बारीक लक्ष दुसऱ्या कोणाचं नसतं. या दोघींनी बारा वर्षं लांबूनही एकमेकींवर नजर ठेवली होती आणि सासूने दोघींचंही जे कौतुक तोंडावर केलं नाही, ते पहिल्यांदा कळलं ते माझ्या ठाण्यात.