दोन बोटांची चाल

सिल्वासातले ते डॉक्टर बोलताना टेबलावर दोन बोटं चालवून दाखवतात. "आपण थकलो असं म्हणायचं नाही, बेन. आपण रोज थोडं जास्त चालायचं."

खडोलीच्या धाग्याच्या कंपनीत मी मशीनवर होते. तापानंतर जो थकवा आला, तो गेलाच नाही. थोडं चालले तरी पुढचे दोन दिवस अंथरुणातून उठवत नाही. दर खेपेला हे मी त्यांना सांगते. ते मान हलवतात आणि बोटं चालवतात. या आजारात आराम नको, व्यायाम द्या, असे नियम ज्या समितीनं केले तिच्यात ते होते. आराम लिहून दिला तर ज्या विमा कंपनीला माझ्या रजेचा पगार भरावा लागेल, तिचेही तेच सल्लागार. दोन्ही पदं दारावरच्या पाटीवर एकाखाली एक लिहिलेली आहेत. लपवलेलं काहीच नाही.

परवा मी समोर बसलेली असताना त्यांच्या मुलीचा फोन आला. आवाज एकदम मऊ झाला. "उठू नकोस बेटा. पडूनच राहा. केस मी आल्यावर विंचरतो."

फोन ठेवून ते म्हणाले, "तिलाही हेच झालंय."

मी विचारलं, "मग ती रोज किती चालते, साहेब?"

ते मग उठले, माझा हात धरून मला रिक्षापर्यंत घेऊन आले, सांभाळून आत बसवलं. म्हणाले, "सोमवारपासून आपण कामावर जायचं."