ताईंच्या ताटातली कोबीची भाजी

माझ्या नणंदेला मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. ताई पुण्याच्या, मी जन्मापासून कोलकात्याची. माझे वडील खिदिरपूरला गोदीत नोकरीला आले आणि इथलेच झाले. नवरा न्यू टाउनमधल्या कंपनीत. आमच्या लेकीला शाळेत, खाली खेळताना, सगळीकडे बंगाली नाहीतर हिंदी. मराठी फक्त घरात, तेही जास्त करून माझ्याशी. अडखळायची, पण हौसेनं बोलायची, आणि मला तेवढ्यानंच कोण आनंद व्हायचा!

मागच्या वर्षी दुर्गापूजेच्या सुट्टीत ताई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छोटं हॉटेल आहे. आठच टेबलं, आणि फळ्यावर खडूनं बंगालीत लिहिलेले त्या दिवशीचे पदार्थ. दुपारी जागा मिळायची मारामार, त्यामुळे अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून जेवायचं. तिथं लेक ताईंना म्हणाली, "आत्या, मला खूप मोठा भूक लागला." झालं! ताई टाळ्या पिटून हसल्या. "परत म्हण, परत म्हण" करत तिचा व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बघा आमची बंगाली बाई.' पुण्याची भावंडं कितीतरी दिवस फोनवर तिला तेच वाक्य ऐकवत होती.

त्यानंतर पोरीनं मराठी सोडलं. मी मराठीत विचारायचं, तिनं हिंदीत उत्तर द्यायचं. नवरा म्हणाला, "अगं, गंमत केली तिनं. जाऊ दे ना." गंमत? डोंबलाची गंमत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ताईंना एकदा असं काही ऐकवायचं की जन्मभर लक्षात राहील, हे मी भांडी लावताना, बसमध्ये, अंघोळ करताना घोकत होते.

यंदा थंडीत ताई परत आल्या आणि संधी आपण होऊन चालत आली. त्याच हॉटेलात बसलो होतो, लेक आमच्या दोघींच्या मधे. ताई कट्टर शाकाहारी, अंडं घातलेला केकसुद्धा त्यांना चालत नाही. शेजारच्या माणसाच्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मला आपली ती कोबीची भाजी सांग. कोबीत कोण काय घालणार आहे मेलं!"

घालतात. इथं कोबीत माशाचं डोकं तळून, कुस्करून घालतात. मिसळून गेलं की दिसतही नाही. वासाचं म्हणाल, तर मोहरीच्या तेलामुळे ताईंना इथं पाण्यालासुद्धा वास येतो. वाढणारे काका चांगले, त्यांनी मला हळूच बंगालीत विचारलं, "यात माशाचं डोकं आहे, यांना चालतं का?" मी बंगालीतच म्हटलं, "चालतं. आणा."

खोटं कशाला सांगू, मजा येत होती. दोन घास पोटात जाऊ देत, मग सावकाश सांगते, असं ठरवलं होतं. ग्रुपवर टाकायला फोनही काढून ठेवला. ताईंनी भाजी भातात कालवली, घास उचलला.

लेकीनं त्यांचं मनगट धरलं. "आत्या, नको खाऊ. त्यात मासा आहे. आईला माहीत नव्हता."

वर्षभरानंतर मी तिचं मराठी ऐकत होते. ताईंनी घास ताटात टाकला, पांढऱ्याफटक पडल्या. मग पोरीला जवळ घेऊन म्हणाल्या, "माझं सोनं गं ते! वाचवलंस मला." या वेळी हसल्या नाहीत. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ताट उचललं.

ताईंसाठी मला आजही वाईट वाटत नाही. त्यांनी तो घास खाल्ला असता तरी वाटलं नसतं.

घरी जाताना ताई पुढं होत्या. लेक माझ्याजवळ आली आणि हिंदीत म्हणाली, "मम्मा, आपको पता था ना?"

मी म्हटलं, "हो."

ती पळत पुढं गेली, आत्याचा हात धरला आणि तिच्याशी मराठीत बोलत चालू लागली.