उरलेलं चहानंतर

३ मार्च. नरसम्मामावशींची खोली झाडून, चुना मारून तयार ठेवायची होती. नवे भाडेकरू उद्या येणार. मावशी परवा मुलाकडे भिवंडीला गेल्या. भिंतीतले खिळे सोडून मागे काही ठेवलं नाही.

भवानी पेठेतल्या आमच्या घराच्या अंगणात बायका मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसतात. माझ्या लहानपणापासून बसतात. मावशी त्यांच्यातल्याच, पण त्यांच्या सुपात पान-तंबाखूऐवजी पेपर असायचा. त्या मोठ्याने वाचायच्या आणि त्याबदल्यात प्रत्येक बाई आपल्यातल्या मूठभर बिड्या त्यांना द्यायची; कारखान्यात त्या बिड्यांची मजुरी मावशींना मिळायची. मावशींची शाळा सातवीपर्यंत, मराठीतून. वाचायच्या मराठीत, मराठी न कळणाऱ्या म्हाताऱ्यांना समजवायच्या तेलुगूत.

वाचन सरळ नसायचं. राशिभविष्य तर त्या समोरचं तोंड बघून ठरवायच्या. "पद्मा, तुझी कन्या रास ना? आज हात चालवावा, तोंडाला विश्रांती द्यावी."

"दाखवा बघू, कुटं छापलंय?"

"तुला वाचता येतंय व्हय? मग बस की गप."

खुनाची बातमी ऐन रंगात आली की पेपराची घडी घालायच्या. "उरलेलं चहानंतर." मग चहा होईपर्यंत, नवऱ्याने मारलं की दिराने, यावर अंगणात भांडण, आणि त्या भांडणात हात मात्र भराभर चालायचे.

पुढे घरोघरी मोबाइल आले. एका सराफाकडच्या चोरीची बातमी तेव्हा रोज थोडी थोडी चालली होती. मावशींनी नेहमीसारखी घडी घातली, तर पद्मा मान वर न करता म्हणाली, "चोर सापडला की मावशी. सराफाचा मेव्हणाच निघाला. सकाळीच मोबाइलवर आलंय."

मावशी म्हणाल्या, "मग चहा कशाला ठेवलाय?"

हळूहळू प्रत्येकीच्या कानात वायर आली. कुणाला मालिका, कुणाला भजन. मावशी वाचत राहिल्या. आधी मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. बायका वाईट नव्हत्या. संध्याकाळी मूठभर बिड्या त्यांच्यापुढे ठेवायच्याच. एकदा मावशींनी विचारलं, "आज काय वाचलं मी?" कुणालाच सांगता येईना. त्यांनी जिच्या तिच्या सुपात बिड्या परत टाकल्या. "ऐकल्याबिगर घेत न्हाय मी."

मग स्वतः बिड्या वळून पाहिल्या. बोटं आखडलेली, कारखान्यातून माल परत यायला लागला. मी म्हटलं, भाडं राहू द्या, तुम्ही राहा. "फुकट ऱ्हायला मी काय कबूतर हाय?" म्हणाल्या, आणि मुलाला बोलावून घेतलं.

४ मार्च. सकाळी नवे भाडेकरू आले. नवरा रात्रपाळीचा, दिवसा झोपणार. त्याच्या बायकोने दारातून अंगणात पाहिलं. "एवढ्या जणी बसतात, लई दंगा होत असंल की?"

"नाही. आता नाही," म्हटलं, आणि तिच्या हातात किल्ली दिली.